डीपफेक हाती आला तर: तपासणी, बचाव आणि दुरुस्ती

घरातले, वर्गातले, ग्रुपमधले किंवा ऑफिसातले लोक "हे खरं आहे का हो?" असं विचारत तुमच्याकडे व्हिडिओ पाठवायला लागले असतील आणि हे काम नीट शिकावं असं वाटत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. डीपफेक म्हणजे एआय वापरून घडवलेलं किंवा बदललेलं, खरं भासणारं चित्र, व्हिडिओ किंवा आवाज. सामान फार लागत नाही. एक फोन, जमल्यास संगणक, एक वही आणि पहिली दहा मिनिटं हात आवरायची तयारी.

आधी एक सवय मोडावी लागेल. व्हिडिओ आला की बहुतेक जण तो मोठा करून चेहऱ्याकडे टक लावून बघतात. बोटं मोजतात, दात बघतात, पापण्या लवतात का ते पाहतात. २०१८ मध्ये पापण्यांची खूण खरोखर चालत होती, कारण डीपफेक बनवणाऱ्या तेव्हाच्या संगणक-प्रणाली ज्या फोटोंवर शिकत त्यांत मिटलेल्या डोळ्यांचे फोटो फारच थोडे असत. ही गोष्ट जाहीर झाली आणि थोड्याच काळात पापण्या लवणारे डीपफेक आले. पुढे प्रत्येक खुणेचं असंच होत गेलं. २०२२ साली नाइटिंगेल आणि फरीद या संशोधकांनी लोकांना खरे चेहरे आणि संगणकाने घडवलेले चेहरे वेगळे करायला सांगितले. बरोबर उत्तरं आली सुमारे ४८ टक्के. छापा-काटा केला असता तरी तेवढीच आली असती. शिवाय घडवलेले चेहरे लोकांना किंचित जास्त विश्वासू वाटले.

तेव्हा "हे खोटं दिसतंय का?" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि "हे आलं कुठून?" हा विचारा. पुढची जवळजवळ सगळी कामं याच प्रश्नातून निघतात.

## प्रकार ओळखा, कारण तपासणी त्यावर ठरते

संपूर्ण संगणकाने घडवलेलं चित्र किंवा व्हिडिओ, एकाच्या धडावर दुसऱ्याचा चेहरा, खऱ्या व्हिडिओत फक्त ओठ आणि आवाज बदललेला, नुसता क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल केलेला आवाज, असे डीपफेकचे ढोबळ प्रकार आहेत. पण तुमच्याकडे सर्वांत जास्त येईल तो माल यांतला नसेल. तो असेल जुना, खरा व्हिडिओ, ज्यावर आजची तारीख आणि भलताच मथळा चिकटवलेला आहे. त्याला कसलंही तंत्रज्ञान लागत नाही. मे २०१९ मध्ये अमेरिकी संसदेच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांचा एक व्हिडिओ फिरला. त्यात त्या अडखळत, जड जिभेने बोलताना ऐकू येत होत्या. करणाऱ्याने एवढंच केलं होतं की मूळ व्हिडिओचा वेग सुमारे ७५ टक्क्यांवर आणला होता. चेहरा त्यांचाच, शब्दही त्यांचेच. डीपफेक ओळखणारं कोणतंही साधन अशा ठिकाणी काही कामाचं नाही.

नव्याने काम करणाऱ्यांची इथेच गल्लत होते. ते थेट "हे एआयने केलंय का?" पासून सुरुवात करतात आणि उत्तर "नाही" आलं की व्हिडिओ खरा धरतात. चित्र अस्सल असलं तरी त्याच्याखालचा दावा खोटा असू शकतो. दोन्ही स्वतंत्रपणे तपासायचं.

## तपासण्याआधी जतन

खोटा मजकूर पाहता पाहता काढून टाकला जातो, खात्याचं नाव बदलतं आणि मग हातात काहीच राहत नाही. म्हणून पहिल्या दोन मिनिटांत एवढं करा: पूर्ण लिंक कॉपी करा, खात्याचं नाव आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, आणि सार्वजनिक पान असेल तर ते वेबॅक मशीनवर, म्हणजे वेब पानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर साठवा. वहीत लिहा: कोणाकडून आलं, कधी आलं, सोबत काय लिहिलं होतं. सोबतचं वाक्य जसंच्या तसं उतरवा, कारण बहुतेक वेळा खोटं त्या वाक्यातच असतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत कॅमेऱ्याची माहिती शोधत बसू नका. पाठवताना फोटो दाबून लहान केला जातो आणि ती माहिती निघून जाते. दोन बाणांची खूण दिसली तर मात्र नोंद करा. त्याचा अर्थ तो मजकूर तुमच्यापर्यंत किमान पाच हातांतून आला आहे. पाठवणाऱ्याने ती घटना स्वतः पाहिलेली नाही, हे एवढ्यावरून धरून चालायला हरकत नाही.

एक अपवाद फार महत्त्वाचा आहे. मजकूर अल्पवयीन मुलाचा किंवा मुलीचा आणि लैंगिक स्वरूपाचा असेल, तर तो उतरवू नका, त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका, "पुरावा" म्हणून कोणाला पाठवू नका. बऱ्याच देशांत तो नुसता जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. फक्त लिंक आणि खात्याचं नाव लिहून घ्या आणि थेट पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवा.

## एक व्हिडिओ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, १८ सेकंदांचा व्हिडिओ आला आहे. पुराच्या पाण्यात पूल कोसळतोय, खाली लिहिलंय: "आज सकाळची घटना."

१. व्हिडिओ चार-पाच ठिकाणी थांबवून चित्रं घ्या. एक दूरचं, ज्यात पूल आणि किनारा दिसतो. एक पाटी किंवा वाहन दिसेल असं. एक जिथे दृश्य बदलतं तिथलं. संगणकावर इनव्हिड-वीव्हेरिफाय नावाची ब्राउझरला जोडायची मोफत सुविधा हे आपोआप करते, पण हाताने केलं तरी चालतं.

२. प्रत्येक चित्रावरची मजकुराची पट्टी, इमोजी आणि काळ्या कडा कापून टाका. ही पायरी गाळली तर शोध फसतो, कारण शोधयंत्र पुलाऐवजी त्या पट्टीसारख्या पट्ट्या शोधून देतं.

३. तीन ठिकाणी उलटा शोध, म्हणजे चित्र देऊन ते आधी कुठे आलंय याचा शोध, घ्या: गूगल लेन्स, टिनआय आणि यांडेक्स. तिघांचा साठा वेगळा आहे, त्यामुळे एकावर काही मिळालं नाही म्हणून थांबू नका. टिनआयवर निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात, ती सोय वापरा. काहीच हाती लागलं नाही तर चित्र आरशातल्यासारखं उलटं करून पुन्हा शोधा. शोध चुकवायला व्हिडिओ डावा-उजवा फिरवणं ही जुनी युक्ती आहे. पाटीवरची अक्षरं उलटी दिसत असतील तर ती लगेच पकडता येते.

४. जुनी प्रत सापडली की "आज सकाळची" हा दावा तिथेच पडला. पण तुम्हाला सापडलेली सर्वांत जुनी प्रत म्हणजे मूळ नव्हे. तीही कोणी कुठून तरी उचललेली असेल. तिच्याखालच्या प्रतिक्रिया वाचा, ठिकाणाचं नाव कोणी दिलंय का बघा, त्या नावाने त्या तारखेच्या बातम्या शोधा.

५. काहीच सापडलं नाही, तर त्यातून काहीही सिद्ध झालेलं नाही. व्हिडिओ नवा असू शकतो. आता चित्रातलं ठिकाण शोधा. पाट्यांची लिपी, वाहनं रस्त्याच्या कोणत्या बाजूने जातात, नंबरप्लेटचा आकार आणि रंग, विजेचे खांब, मागच्या डोंगराची रेघ, हे सगळं टिपा आणि नकाशावरच्या उपग्रह-चित्राशी जुळवा. पुलाला किती कमानी आहेत, नदी कोणत्या बाजूला वळते, एवढं जुळलं तरी पुष्कळ. ऊन असेल तर सावल्या पाहा. सनकॅल्कसारख्या साधनात ठिकाण, तारीख आणि वेळ घातली की सावली कोणत्या दिशेला पडायला हवी ते दिसतं. सकाळ म्हटलंय आणि सावली संध्याकाळची असेल, तर दावा कोसळला.

६. पडदा झाकून फक्त आवाज ऐका. खऱ्या दृश्यावर दुसऱ्या घटनेच्या किंकाळ्या चढवणं अगदी सोपं आहे. दृश्य बदलतं तिथे आवाज अखंड राहतो का, माणसं कोणत्या भाषेत ओरडतायत, ती भाषा त्या ठिकाणची आहे का, हे डोळे बंद असताना जास्त नीट कळतं.

७. शेवटी स्वतःला विचारा: हे खरं असतं तर आणखी कुठे दिसलं असतं? भर दिवसा मोठा पूल कोसळला, तर दोन्ही काठांवरून निघालेले व्हिडिओ हवेत. २२ मे २०२३ रोजी पेंटागॉनजवळ, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या मुख्यालयाजवळ स्फोट झाल्याचं एक चित्र फिरलं आणि अमेरिकी शेअर बाजार काही मिनिटांसाठी घसरला. त्या चित्रातल्या कुंपणात आणि इमारतीत दोष होते. पण सर्वांत बळकट खूण वेगळीच होती: इतक्या गजबजलेल्या जागी स्फोट होऊनही दुसऱ्या कोनातून एकही फोटो नव्हता. तिथल्या अग्निशमन दलाने काही वेळातच स्फोट झालेला नाही असं सांगितलं.

बातमीचा दुवा असेल तर त्या पानावरच फिरत राहू नका. पान देखणं आहे, "आमच्याविषयी" भारदस्त लिहिलंय, यावरून काही ठरत नाही. नवा टॅब उघडा आणि त्या संकेतस्थळाबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधा. स्टॅनफर्डमधल्या सॅम वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात अनुभवी तथ्य-तपासनीस नेमकं हेच करताना आढळले. पानावर रेंगाळणारे विद्वानही फसले, पान सोडून इतरत्र शोधणारे थोड्या वेळात बरोबर उत्तराला पोहोचले.

चॅटबॉटला चित्र दाखवून "खरं का?" विचारणं ही तपासणी नव्हे. तो चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो. पाटीवरचा मजकूर वाचून घ्यायला किंवा शोधासाठी शब्द सुचवायला त्याचा उपयोग करा, निकाल त्याच्यावर सोडू नका.

दहा मिनिटांत ठरलं नाही तर वहीत "ठरलेलं नाही" असं लिहा आणि पुढे पाठवू नका. हा निकालही पूर्ण निकाल आहे. नवख्यांना तो अपयशासारखा वाटतो आणि मग घाईत "खोटं" असा शिक्का बसतो.

## आवाजाची क्लिप

ही सर्वांत अवघड. चित्रासारखा उलटा शोध आवाजाचा घेता येत नाही, आणि चांगल्या क्लोनमध्ये श्वास, खोकला, अडखळणंही असतं. २०२३ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मांडलेल्या व्हॉल-ई या प्रणालीला नमुना म्हणून ३ सेकंदांचा आवाज पुरत होता. म्हणजे कोणाच्याही एका सार्वजनिक व्हिडिओत लागणारा कच्चा माल आहे.

इथे शब्द पकडा. क्लिपमधलं एखादं विचित्र वाक्य लिहून अवतरणचिन्हांत शोधा. पूर्ण भाषण किंवा मुलाखत मिळाली तर तो तुकडा तिच्या आगेमागे ठेवून ऐका. क्लिप पहिल्यांदा कोणी टाकली, त्या खात्याचा इतिहास काय, आणि ती बाहेर येण्याची वेळ कोणाच्या सोयीची होती, हे बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये स्लोव्हाकियात मतदानाच्या दोनच दिवस आधी एका पक्षनेत्याचा आणि एका पत्रकार महिलेचा म्हणून मतं विकत घेण्याविषयीचा संवाद फिरला. तेव्हा तिथे मतदानापूर्वीचा शांतता-काळ, म्हणजे प्रचारबंदी सुरू होती, त्यामुळे खुलासा पसरवणंही अवघड झालं. कोणत्याही निवडणुकीच्या शेवटच्या ४८ तासांत "गुप्त रेकॉर्डिंग" आलं, तर ते ऐकण्याआधीच संशयाच्या रकान्यात टाका.

## ओळखणारी साधनं काय सांगतात आणि काय नाही

"९५ टक्के अचूक" असा दावा करणारं एक साधन घ्या. १,००० व्हिडिओ तपासायला दिले, त्यांतले १० बनावट आहेत. साधन त्यांतले नऊ-दहा पकडेल. पण उरलेल्या ९९० खऱ्या व्हिडिओंपैकी ५ टक्के, म्हणजे सुमारे ५०, तेही बनावट ठरवेल. साधनाने बोट दाखवलेल्या साठांपैकी पन्नास खरे निघाले! एखाद्या खऱ्या साक्षीदाराचा व्हिडिओ त्या पन्नासांत असेल, तर आपण त्याला खोटं ठरवून मोकळे होतो.

तेही अचूकता खरोखर ९५ असेल तर. २०२० साली फेसबुकने भरवलेल्या डीपफेक-शोध स्पर्धेत पहिल्या आलेल्या प्रणालीची अचूकता आधी न दाखवलेल्या व्हिडिओंवर सुमारे ६५ टक्के भरली. कारण सरळ आहे: प्रणाली ज्या तऱ्हेच्या बनावटीवर शिकते तीच ओळखते, आणि व्हिडिओ चार वेळा दाबून फॉरवर्ड झाला की त्यातल्या बारीक खुणा पुसल्या जातात. साधनाचा आकडा वहीत नोंदवा, पण निकालाचा आधार म्हणून तो एकटा कधीच वापरू नका.

याच्या उलट बाजूने एक चांगलं काम सुरू आहे: खऱ्या चित्रालाच त्याचा दाखला जोडायचा. अडोबी, आर्म, बीबीसी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि ट्रूपिक यांनी २०२१ मध्ये सीटूपीए हा गट स्थापन केला. या पद्धतीत कॅमेरा किंवा सॉफ्टवेअर चित्रासोबत सहीबंद नोंद ठेवतं: कशाने टिपलं, नंतर काय बदललं. दाखला असेल तर तो जरूर वाचा. दाखला नाही म्हणून चित्र खोटं, असं मात्र नाही. नुसता स्क्रीनशॉट घेतला तरी हा दाखला गळून पडतो.

## फोनवरचा ओळखीचा आवाज, व्हिडिओ कॉलवरचे साहेब

इथे तपासायला दहा मिनिटं नसतात, म्हणून तयारी आधीच हवी. २०२४ च्या सुरुवातीला अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर १५ व्यवहारांत पाठवून दिले. गुप्त व्यवहाराचा पहिला ईमेल आला तेव्हा त्याला शंका आली होती. ती शंका फिटली व्हिडिओ बैठकीत, जिथे वित्त अधिकारी आणि इतर ओळखीचे सहकारी दिसत आणि बोलत होते. त्या बैठकीत त्याच्याशिवाय एकही माणूस खरा नव्हता.

समोरच्याला मान वळवायला किंवा चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा, हा सल्ला अजून फिरतो. आता त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा हे तीन नियम करा.

पहिला, उलट फोन. पैसे, पासवर्ड, ओटीपी किंवा गुप्ततेची मागणी आली की कॉल बंद करायचा आणि आपल्याकडे आधीपासून जतन असलेल्या नंबरवर स्वतः लावायचा. आलेल्या कॉलवर नाव दिसतं ते खोटं घालता येतं. आपण लावलेला कॉल मात्र त्या नंबरच्या खऱ्या मालकाकडे जातो. त्याच कॉलमध्ये दिलेला "दुसरा नंबर" कधीच वापरायचा नाही.

दुसरा, घरातला सांकेतिक शब्द. एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द घ्या, समोरासमोर बसून ठरवा, चॅटमध्ये लिहू नका. लाडकं नाव, जन्मगाव, पाळीव प्राणी नको, ते सगळं आपणच ऑनलाइन टाकलेलं असतं. ही पद्धत मोडते ती एका ठरावीक जागी: घाबरलेले आजोबा स्वतःच विचारतात, "बाळा, आपला शब्द अमुक ना?" आणि पलीकडचा "हो" म्हणतो. म्हणून विचारणाऱ्याने फक्त "आपला शब्द सांग" एवढंच म्हणायचं, असा प्रत्यक्ष सराव करून घ्या, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा. शब्द आठवला नाही तर भांडण नाही, चर्चा नाही. फोन ठेवायचा आणि पहिला नियम वापरायचा. शब्द ठरलेलाच नसेल तर फक्त त्या माणसालाच ठाऊक असेल असा ताजा प्रश्न विचारा. जुलै २०२४ मध्ये फेरारी या मोटार कंपनीच्या एका अधिकाऱ्याने, प्रमुखांच्या हुबेहूब आवाजात बोलणाऱ्याला, "तुम्ही मला परवा कोणतं पुस्तक वाचायला सांगितलंत?" असं विचारलं आणि कॉल तिथेच तुटला.

तिसरा, संस्थेसाठी: ठरावीक रकमेच्या वर दोन माणसांची मंजुरी, आणि दुसऱ्याने ती वेगळ्या मार्गाने पडताळायची. हा नियम कागदावर असून भागत नाही. सर्वांत वरच्या अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर सांगावं लागतं की "मी स्वतः घाई केली तरी नियम मोडू नका, कोणावरही राग धरणार नाही." ते वाक्य नसेल तर कनिष्ठ माणूस साहेबांना परत फोन करायला कचरतो, आणि ठगाला तेवढंच हवं असतं.

पैसे गेलेच तर आधी बँक, मग पोलीस, मग घरच्यांना सांगणं. रक्कम पुढच्या खात्यांत वाटली जाण्याआधी रोखता येते, आणि त्यासाठी मिनिटांचा हिशेब असतो. चॅट आणि कॉलची यादी पुसू नका.

## कोणाचं खासगी चित्र घडवून टाकलं असेल तर

डीपफेकचं बोलणं राजकारणावर फार होतं, पण घाव सर्वांत जास्त इथे बसतात. २०१९ च्या डीपट्रेस या कंपनीच्या पाहणीत ऑनलाइन सापडलेल्या डीपफेक व्हिडिओंपैकी ९६ टक्के संमतीविना घडवलेले अश्लील व्हिडिओ होते. ज्याच्यावर किंवा जिच्यावर ही वेळ येते, ती व्यक्ती तुमच्याकडे थरथरत येईल. तुमचं पहिलं वाक्य "यात तुझी काही चूक नाही" हेच हवं. "तू फोटो टाकलेसच कशाला?" हा प्रश्न कधीच विचारू नका. तो ऐकला की माणसं पुढचं सांगायचं थांबतात.

मग कामं या क्रमाने. पुरावा गोळा करायला पीडित व्यक्तीने पुन्हा पुन्हा ते पाहू नये. भरवशाच्या एका माणसाने पूर्ण लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ आणि पत्त्याच्या ओळीसकट स्क्रीनशॉट घ्यावेत. (अल्पवयीनांबाबत वरचा अपवाद लागू.) धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका. एकदा दिले की हा माणूस देतो हे त्याला कळतं आणि मागणी वाढते. त्याला लगेच ब्लॉकही करू नका. आधी संवाद जतन करा, मग ब्लॉक.

त्यानंतर चित्राचा डिजिटल ठसा नोंदवा. १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी स्टॉपएनसीआयआय ही मोफत सेवा २०२१ पासून चालू आहे, ब्रिटनमधली एसडब्ल्यूजीएफएल ही संस्था ती चालवते. चित्र तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा आकड्या-अक्षरांचा ठसा बनतो आणि तो सहभागी कंपन्यांना पाठवला जातो. जुळणारं चित्र त्यांच्याकडे आलं की अडवता येतं. घडवलेली चित्रंही यात चालतात. शेवटी मिळणारा नोंदणी क्रमांक आणि पिन जपून ठेवा. १८ वर्षांखालील व्यक्तींच्या चित्रांसाठी अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेची टेक इट डाउन नावाची तशीच सेवा आहे. या सेवांची मर्यादाही सांगून ठेवा: सहभागी नसलेल्या संकेतस्थळांवर त्यांचा काही इलाज चालत नाही, आणि बरंच बदललेलं चित्र निसटू शकतं.

समाजमाध्यमावर तक्रार करताना रकाना बरोबर निवडा. "स्पॅम" किंवा "खोटी माहिती" नको. "संमतीविना खासगी किंवा लैंगिक चित्र" असा स्वतंत्र पर्याय असतो, आणि तक्रार कोणत्या कारणाखाली तपासली जाते ते यावरच ठरतं. प्रत्येक प्रतीची तक्रार वेगळी करावी लागते. गूगलच्या शोधनिकालांतून अशी चित्रं काढायचा अर्ज स्वतंत्र आहे. मूळ पान त्याने जात नाही, पण नाव शोधणाऱ्यासमोर ते येत नाही, आणि व्यवहारात याचाच मोठा आधार होतो. पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. पहिला महिनाभर दर आठवड्याला कोणी तरी दुसऱ्याने शोध घेऊन नव्या प्रती कळवत राहायचं आहे, हेही आधीच वाटून घ्या.

## खुलासा लिहायचा कसा

चुकीचा खुलासा खोट्यालाच आणखी फिरवतो. तेच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटायला लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ पासून दाखवून दिलं आहे. म्हणून "पूल कोसळला ही अफवा" अशी सुरुवात करू नका. घाईत वाचणाऱ्याच्या मनात "पूल कोसळला" एवढंच उरतं. सत्य आधी, खोट्याचा उल्लेख एकदाच, ते कसं खोटं ते, आणि पुन्हा सत्य:

"नदीवरचा पूल सुस्थितीत असून वाहतूक सुरू आहे. आज फिरत असलेला व्हिडिओ जुना आणि दुसऱ्या देशातला आहे, त्यावर आजची तारीख घातली आहे. मूळ व्हिडिओची लिंक सोबत आहे. पुलावरून नेहमीप्रमाणे जाता येईल."

खोट्या मथळ्याचा फिरणारा व्हिडिओ पुन्हा जोडू नका. चित्र दाखवावंच लागलं तर "खोटं" हा शिक्का मधोमध, चेहऱ्यावरून जाईल असा मारा. कोपऱ्यातला शिक्का कापून चित्र पुन्हा फिरतं. खुलासा त्याच ग्रुपवर टाका जिथे खोटं आलं होतं, पण त्याआधी पाठवणाऱ्याला खासगीत कळवा. चारचौघांत चूक दाखवली की माणूस हट्टाला पेटतो. खासगीत सांगितलं तर बरेचदा तो स्वतःच संदेश काढून दुरुस्ती टाकतो, आणि त्याच्या तोंडून आलेली दुरुस्ती तुमच्यापेक्षा जास्त मानली जाते.

खोटं अजून दहा-बारा लोकांपलीकडे गेलेलं नसेल, तर जाहीर खुलासा देऊ नका. तो देऊन तुम्हीच ते हजारांपर्यंत न्याल. त्या दहा-बारा जणांना वेगळं कळवा.

येणार हे आधीच दिसत असलेल्या खोट्यासाठी याहून चांगला उपाय आहे: लोकांना अगोदर सावध करणं. मार्च २०२२ च्या सुरुवातीला युक्रेनच्या सरकारी यंत्रणांनी लोकांना सांगितलं होतं की राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की शरण आल्याचा बनावट व्हिडिओ येऊ शकतो. १६ मार्चला तो आला, एका हॅक केलेल्या वृत्तवाहिनीच्या संकेतस्थळावरही झळकला. झेलेन्स्की यांनी त्याच दिवशी स्वतःचा व्हिडिओ टाकला आणि बनावटीचा फारसा प्रभाव पडला नाही. शाळा, सोसायटी, संघटना कोणीही हे करू शकतं: परीक्षा, निवडणूक, पूर यांच्या आधीच जाहीर करा की अधिकृत सूचना फक्त अमुक ठिकाणी येईल.

## संशयाचा अतिरेकही घातक

सगळ्यालाच "डीपफेक असेल" म्हणायला लागलो की खरा पुरावाही बुडतो, आणि गुन्हेगाराला आयती पळवाट मिळते. २०१८ च्या अखेरीस गॅबनचे अध्यक्ष अली बोंगो आजारपणानंतर नववर्षाच्या संदेशात दिसले. चेहरा ताठर वाटला म्हणून व्हिडिओ बनावट असल्याची चर्चा पेटली, आणि ७ जानेवारी २०१९ रोजी तिथे काही सैनिकांनी उठावाचा प्रयत्न केला. व्हिडिओ बनावट असल्याचा पुरावा पुढे सापडला नाही. बोंगो यांना पक्षाघात झाला होता.

म्हणून निकाल या चारांपैकीच एक द्या: खरं, खोटं, संदर्भ चुकीचा, ठरलेलं नाही. "खोटं" म्हणायला मूळ स्रोत हाती हवा, किंवा दाव्याला छेद देणारे दोन स्वतंत्र आधार हवेत. "मला बनावट वाटतं" हे वहीतही लिहू नका. आणि तुमचा स्वतःचा निकाल चुकला तर जिथे दिला तिथेच, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्त करा.

वहीची शेवटची पानं जुन्या निकालांसाठी ठेवा: एक छोटं चित्र, मूळ लिंक, मूळ तारीख, निकाल, आणि तुम्ही तो कसा काढला त्याच्या दोन ओळी. तोच पूल पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या गावाच्या नावाने परत येईल, तेव्हा उत्तर द्यायला दोन मिनिटं पुरतील.